थंडी ओसरताना येणारे पैसे: संयुक्त शाळा अनुदानाचे परीक्षण

वळवाच्या वाऱ्यात शाळेचा पत्रा उडतो मे महिन्यात. शाळा भरते जूनमध्ये. आणि तो पत्रा पुन्हा बसवायचे पैसे दिसतात बहुतेक वेळा थंडी ओसरताना. 'समग्र शिक्षा' या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतून जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकांच्या शाळांना मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाची मुख्य तक्रार एवढीच आहे. बाकीच्या बहुतेक तक्रारी तिच्याच पोटातून निघतात.

सरकारी अनुदानाचे परीक्षण मिक्सर-मोबाइलसारखे करायचे का, असे कुणी विचारेल. करायला काहीच हरकत नाही. वापरणारे आहेत: मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. पुरवणारे आहेत: केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के, आणि मधे वाटप पाहणारी महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद. माहितीपुस्तिकाही आहे, आणि ती न वाचता वापरले की बिघडते. पाचपैकी गुणच द्यायचे तर नियमांच्या स्पष्टतेला चार, खर्च करण्याच्या यंत्रणेला तीन, रकमेला अडीच (लहान शाळांसाठी दीड) आणि वेळेवर मिळण्याला एक. तो एक गुणही रक्कम अखेर येतेच म्हणून.

रक्कम: तीस आणि एकतीसमधली दरी

२०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्याच्या निकषांत पट ३०पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये आहेत. ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी राखून ठेवायचे. उरलेल्यातून बंद पडलेली उपकरणे बदलणे, खडू-कागद, खेळाचे आणि प्रयोगाचे साहित्य, वीज, इंटरनेट, पाणी, अध्यापन साहित्य, इमारत आणि शौचालयाची दुरुस्ती. नवे बांधकाम यात बसत नाही, पगार बसत नाही, सत्काराचे हार-नारळ तर नाहीच नाही. क्रीडा आणि ग्रंथालय अनुदान वेगळे मिळते. गणवेशाचे ६०० रुपयेही वेगळे. ते या रकमेत मिसळायचे नाहीत आणि यातून उसनेही घ्यायचे नाहीत.

आता या टप्प्यांना भागाकार लावून बघा. ३० मुलांच्या शाळेला मुलामागे ३३३ रुपये पडतात. एक मूल वाढले की ८०६. पुढे पट वाढेल तसा आकडा घसरत १०० मुलांना २५० वर येतो, १०१ झाले की पुन्हा उडी मारून ४९५. हजाराच्या शाळेत मुलामागे ७५ रुपये. म्हणजे एका मुलाच्या नावनोंदणीवर शाळेचे वर्षाचे १५,००० किंवा २५,००० रुपये टांगलेले असतात. उतारासारखा सलग निकष करता आला असता, जिन्यासारखा का केला हे समजत नाही.

त्याहून मोठा दोष असा की शाळेचा खर्च मुलांच्या संख्येवर फारसा चालत नाही. मीटर एकच, टाकी एकच, छप्पर एकच, शौचालयाचे दरवाजे तेवढेच. महिन्याला ७०० रुपये वीजबिल धरा. वर्षाचे झाले ८,४००. वाडीवरच्या वीस मुलांच्या शाळेने १०,००० मधून स्वच्छतेचे १,००० बाजूला काढले आणि वीजबिल भरले की हातात राहतात ६००. वर्षभराच्या खडूचे, फिनेलचे, प्रिंटरच्या शाईचे, गळक्या नळाचे मिळून सहाशे. साठ मुलांच्या शाळेत हेच गणित २५,००० वजा २,५०० वजा ८,४००, म्हणजे १४,१०० शिल्लक. तिथे काहीतरी करता येते.

जुन्या लोकांना आठवत असेल, सर्व शिक्षा अभियानात शाळा अनुदान प्राथमिकला ५,००० आणि उच्च प्राथमिकला ७,००० होते. तीन वर्गखोल्यांपर्यंत देखभालीला ५,०००, जास्त खोल्या असतील तर १०,०००, शिवाय प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी ५००. दोन खोल्या आणि दोन शिक्षकांच्या शाळेची बेरीज ११,००० होत असे. २०१८-१९ मध्ये सगळे एकत्र करून 'संयुक्त' झाले आणि २०२१-२२ पासूनच्या टप्प्यात त्याच शाळेचा, पट तीसच्या आत असेल तर, निकष १०,००० वर आला. मधल्या काळात सिमेंटची गोणी आणि रंगाचा डबा कुठे गेला ते दुकानात विचारावे. मोठ्या शाळांचा मात्र या बदलात फायदा झाला, आणि वेगवेगळ्या शीर्षांत पैसे अडकून पडायचे ते थांबले. हेही मान्य करायला हवे.

वीजबिलावरून एक उपयोगाची गोष्ट. बिल हातात घेऊन 'दर संकेत' हा रकाना वाचा. सरकारी शाळांसाठी महावितरणचा वेगळा वर्ग आहे, एलटी-७ (अ), सार्वजनिक सेवा, शासकीय. जुन्या जोडण्यांवर अजूनही वाणिज्य वर्ग छापून येत असेल तर शाळा दुकानाच्या दराने वीज भरते आहे. दुरुस्तीसाठी उपविभागीय कार्यालयात अर्ज, सोबत यूडायस (शाळांची सरकारी माहिती-नोंदणी) क्रमांक आणि शाळा जिल्हा परिषदेची असल्याचे पत्र एवढे पुरते.   अनुदान वाढवून घेणे शाळेच्या हातात नाही, ही गळती बंद करणे आहे.

उशीर नेमका कुठे होतो

शाळेचे वर्ष जून ते एप्रिल, सरकारचे एप्रिल ते मार्च. जिल्ह्यांकडून वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक वर जाते, दिल्लीत प्रकल्प मंजुरी मंडळाची बैठक होते, मंजुरी येते. इथपर्यंत नवे आर्थिक वर्ष उजाडलेले असते. पण खरी अडवणूक पुढे आहे.

२०२१ पासून केंद्राने आपल्या योजनांना 'एकल नोडल संस्था' पद्धत लावली, म्हणजे राज्यात योजनेचा सगळा पैसा एकाच संस्थेच्या एकाच खात्यात. केंद्राचा हिस्सा एका वेळी वर्षाच्या २५ टक्क्यांहून जास्त सोडायचा नाही. पुढचा हप्ता हवा असेल तर राज्याने आपला वाटा खात्यात टाकलेला पाहिजे आणि आधी मिळालेल्यातले किमान ७५ टक्के खर्ची पडलेले पाहिजेत. ही टक्केवारी शाळेची मोजत नाहीत, अख्ख्या राज्याची मोजतात. एखाद्या तालुक्याने जुलैमध्येच चोख खर्च करून कागद दिले तरी बाकीचे जिल्हे ढिम्म असतील तर पुढचा हप्ता कुणालाच नाही. दिरंगाई एकाची आणि खोळंबा सगळ्यांचा. मग डिसेंबर-जानेवारीत पत्रांचा पाऊस पडतो, 'तात्काळ खर्च करावा', 'शून्य खर्च असलेल्या शाळांची यादी सोबत', आणि शेवटच्या तिमाहीत सगळे एकदम मोकळे होते.

पद्धत आणण्यामागचे कारण खोटे नव्हते. पूर्वी देशभर लाखो शाळांच्या बचत खात्यांत पैसे पडून राहायचे, व्याज साचायचे, विनियोग प्रमाणपत्रे (पैसे ठरल्या कामाला खर्च झाल्याचे दाखले) वर्षानुवर्षे येत नसत, आणि तिकडे सरकार कर्ज काढत असे. आता पैसा राज्याच्या एकाच खात्यात राहतो. शाळेचे खाते असते शून्य शिलकीचे. शाळेला मिळते ती रक्कम नव्हे, मर्यादा. तेवढ्यापर्यंत देणे काढता येते, आणि काढले की पैसे मुख्य खात्यातून थेट दुकानदाराला जातात. तिजोरीच्या बाजूने ही सुधारणाच आहे. शाळेच्या बाजूने बघितले तर खात्यावर चार-पाच हजार पडून असायचे, त्यातून पावसाळ्यात ताडपत्री आणता यायची, तो आधार गेला.

इथे नवख्या मुख्याध्यापकाची आणि समितीच्या अध्यक्षांची पहिली फसगत होते. पासबुक भरून आणतात, शिल्लक शून्य. 'अनुदान आलेच नाही' असे सभेत सांगितले जाते आणि मर्यादा तिकडे पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीत पडून असते. पासबुकात ती कधीच दिसणार नाही. लॉगिन करूनच बघावी लागते, आणि अनेकदा ती दोन टप्प्यांत येत असल्याने दर पंधरा दिवसांनी बघावी लागते.

दुसरी बाजू मार्चअखेरची. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. पूर्वीसारखे 'काढून ठेवू, मग बघू' चालत नाही. पुढच्या वर्षी ती परत मिळेलच असे नाही, उलट 'यांनी खर्चच केला नव्हता' ही नोंद मात्र राहते.

पीएफएमएस: एकदा बसले की बरे चालते

यंत्रणेला तीन गुण दिले ते यासाठी की तिचे टप्पे थोडे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचा कागद निघतो. मेकर (नोंद भरणारा) म्हणून एकाने लॉगिन करायचे, 'मास्टर्स'मध्ये जाऊन विक्रेता भरायचा: नाव, पत्ता, खाते क्रमांक, आयएफएससी, असेल तर पॅन आणि जीएसटी क्रमांक. प्रणाली ते खाते बँकेकडून पडताळून घेते. पडताळणी झाली की 'एक्स्पेंडिचर'मध्ये नवी नोंद करायची: योजना, घटक, रक्कम, बिल क्रमांक, देण्याची पद्धत. मग चेकरने वेगळ्या लॉगिनमधून तपासून मंजूर करायचे आणि पीपीए, म्हणजे प्रिंट पेमेंट अ‍ॅडव्हाइस, काढायचे. हा धनादेशाचा आताचा अवतार. वर क्रमांक, तारीख, मुदत, खाली कोणत्या खात्यातून कोणाला किती ते, आणि तळाला सह्यांच्या जागा. मुख्याध्यापक आणि अध्यक्ष या दोघांच्या सह्या घेऊन, शिक्के मारून तो बँकेत द्यायचा, पोच घ्यायची.

मुदत कागदावरच छापलेली असते आणि नव्वद टक्के लोक ती वाचत नाहीत. ती उलटली की बँक पीपीए घेत नाही, आधीचा रद्द करून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अध्यक्ष ऊसतोडीला किंवा लग्नाला गावाबाहेर असतील तर पीपीए काढूच नये. सही करणारे दोघे गावात आहेत हे बघून मगच प्रिंटचे बटण दाबावे.

घटक निवडताना प्राथमिक आणि माध्यमिक स्तर वेगळे दिसतात. आठवीपर्यंतच्या शाळेने चुकून माध्यमिकाखाली खर्च टाकला तर दुकानदाराला पैसे मिळतील, पण तालुक्याच्या ताळेबंदात एका बाजूला जादा आणि दुसऱ्या बाजूला शून्य दिसेल. हे निस्तरायला गटसाधन केंद्राच्या लेखापालाकडे जितके हेलपाटे होतात तितक्यांत दुसरे काम झाले असते.

देणे अडकते ते बहुधा विक्रेत्यापाशी. गावातल्या सुताराचे किंवा गवंड्याचे खाते पतसंस्थेत असते. तिथे आयएफएससी नसेल तर पीएफएमएस पैसे पाठवू शकत नाही. काम सांगण्याआधीच राष्ट्रीयीकृत, जिल्हा मध्यवर्ती किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेतले खाते आहे का ते विचारावे. दुसरे, विलीन झालेल्या बँका. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. दुकानदार मात्र खिशातून दहा वर्षांपूर्वीचा धनादेश काढून त्यावरचा आयएफएससी सांगतो. पासबुकाचे पहिले पान, तेही नुकतेच छापलेले, याशिवाय काही घेऊ नये. तिसरे, नावातला फरक: बिलावर दुकानाचे नाव आणि खाते मालकाच्या नावाने. पडताळणीत हे अडकू शकते आणि लेखापरीक्षणात तर विचारले जातेच. बिलावर दुकानाच्या नावाखाली मालकाचे नाव लिहून घेतले की प्रश्न मिटतो.

पैसे परत आलेले कळत नाहीत हीही एक खोच आहे. बँकेने पीपीए घेतला, पोच दिली, मुख्याध्यापकांनी रोकडवहीत खर्च टाकला, आणि चार दिवसांनी खाते क्रमांक चुकल्याने देणे फसले. दुकानदार महिनाभर वाट बघून विचारायला येतो तेव्हा मार्च उलटून गेलेला असतो. पीपीए बँकेत दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्थिती तपासायची, 'सक्सेस' दिसल्यावरच त्या पानाची छापील प्रत प्रमाणकाला (व्हाउचरला) जोडायची. एवढी सवय लावली तर निम्मी डोकेदुखी संपते.

वीजबिलाचे गाडे मात्र या यंत्रणेत नीट बसलेले नाही. महावितरणला बिल दर महिन्याला वेळेवर हवे, मर्यादा येते वर्षातून एकदा-दोनदा. वीज तुटू नये म्हणून मुख्याध्यापक आधी स्वतःच्या मोबाइलवरून भरतात आणि मग परतावा मागतात. ही सोय नाही, ही शिक्षकाने सरकारला दिलेली बिनव्याजी उचल आहे. निदान तिचा कागद तरी असावा: समितीच्या सभेत आधी ठराव, प्रत्येक महिन्याच्या बिलाची आणि पावतीची प्रत, आणि परतावा वर्षाखेरीस एकदम न मागता मर्यादा आल्याबरोबर.

सह्या बदलतात तेव्हा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. अध्यक्ष पालकांतून, मुख्याध्यापक सचिव. आता चौथीपर्यंतच्या शाळेचा विचार करा. अध्यक्षांचे मूल चौथी पास झाले की ते पालक राहत नाहीत, म्हणजे अध्यक्षही राहत नाहीत. त्यातच मुख्याध्यापकांची बदली. जूनमध्ये शाळेत दोन्ही सह्या नव्या, बँकेत दोन्ही जुन्या, आणि पीएफएमएसचा ओटीपी जातो शंभर किलोमीटरवर रुजू झालेल्या जुन्या गुरुजींच्या फोनवर.

हे काम मर्यादा आल्यावर काढले की हमखास बुडते. बँकेत सही बदलायला समितीचा ठराव, दोघांचे केवायसी, बदली-कार्यमुक्तीच्या आदेशाची प्रत लागते. शाखेत गर्दी असेल तर दोन-तीन आठवडे सहज जातात. पीएफएमएसमधला मोबाइल क्रमांक तालुक्यावरून बदलून घ्यावा लागतो. दोन्ही कामे जुलैअखेर उरकली पाहिजेत, खात्यावर छदाम नसताना. अध्यक्ष निवडताना पहिली-दुसरीतल्या मुलाचे पालक निवडले तर ही कटकट पुढे जाते. कायद्यात हे लिहिलेले नाही, शहाणपणात आहे.

आणि पटाची नोंद. अनुदानाचा टप्पा यूडायस-प्लसमधल्या पटावरून ठरतो, संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. हजेरीपत्रकावर ३१ मुले असून उपयोग नाही, यूडायसवर ३१ दिसली पाहिजेत. दुसऱ्या गावातून आलेल्या मुलाला जुन्या शाळेने सोडलेले नसते, किंवा सोडलेले असते आणि ते यूडायसवरच्या 'ड्रॉपबॉक्स'मध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) पडून असते, तिथून आपल्याकडे ओढून घ्यायचे राहते. पट नेमका सीमारेषेवर, म्हणजे २९ ते ३३ किंवा ९८ ते १०३ च्या आसपास असेल तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नावानिशी यादी जुळवावी. ऊसतोड पट्ट्यातल्या शाळांचे एवढे नशीब चांगले की टोळ्या हलतात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सप्टेंबरअखेरच्या मोजणीत मुले गावातच असतात.

कागद आधी, पैसे नंतर

मर्यादा उशिरा येणार हे गृहीत धरले की उपाय उलट्या बाजूने सुचतो. पैसे सोडून बाकी सगळे तयार ठेवायचे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सभेत कामांची यादी क्रमाने लावून ठराव करायचा. ठराव मोघम नको. 'शाळेच्या गरजेनुसार खर्च करण्यास मंजुरी' हा ठराव लेखापरीक्षकासमोर निरुपयोगी ठरतो. असा हवा: 'मुलींच्या शौचालयाचे दोन दरवाजे व कड्या बदलणे, टाकीचा बॉलकॉक व तीन नळ बदलणे, इयत्ता दुसरीच्या खोलीचे सहा पत्रे बदलणे. या क्रमाने, उपलब्ध मर्यादेत, संयुक्त शाळा अनुदानातून खर्चास मंजुरी. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.' पुढे उपस्थितांच्या सह्या. क्रम लिहिलेला असला की निम्मी मर्यादा आली तरी पहिली दोन कामे लगेच सुरू करता येतात, पुन्हा सभा बोलवावी लागत नाही.

मग दरपत्रके. तीन वेगवेगळ्या दुकानांची, तारीख आणि सहीसह, खाली तुलनात्मक तक्ता. तिन्ही एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने लिहिलेली दरपत्रके हा गावोगावचा विनोद आहे आणि लेखापरीक्षकांनाही तो पाठ आहे. दरपत्रक नोव्हेंबरचे आणि खरेदी मार्चची असेल तर दुकानदाराकडून 'दर कायम' एवढे लिहून घ्यावे. लोखंड आणि रंगाचे भाव बदलतात आणि जादा रकमेचे बिल ठरावाच्या बाहेर जाते.

खरेदी झाली की टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत, खडू-फिनेलसारख्या संपणाऱ्या वस्तू साठा नोंदवहीत, आणि बिलाच्या मागे त्या नोंदीचा पान क्रमांक. ही एक ओळ लिहायला दहा सेकंद लागतात, आणि आक्षेप सर्वांत जास्त निघतात ते तिच्याच अभावी. पंखा बदलला तर जुना पंखा कुठे गेला हेही विचारले जाते. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू हिशेबातून काढल्याचा, कागद नसेल तर शाळेत एक जास्तीचा पंखा हिशेबात फिरत राहतो.

स्वच्छतेच्या १० टक्क्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. अनेक ठिकाणी मार्चच्या शेवटी एकदम झाडू-फिनेल-साबणाचे एकच बिल लागते. ते तपासणीत चालून जाते, पण मुलांच्या उपयोगाचे नाही. २५,००० च्या शाळेत हे २,५०० रुपये होतात. हात धुण्याच्या जागेचे नळ, टाकीची धुलाई आणि मुलींच्या शौचालयाची आतली कडी यांवर ते लावले तर फरक दिसतो. आतून कडी नसलेले शौचालय वापरातले मानूच नये.

दुसरे खिसे

हे अनुदान एकटे पुरणारे नाही, त्यामुळे कोणते काम कोणाच्या दारात टाकायचे हे ओळखणे हा वापरातला खरा हातखंडा. पाणी आणि शौचालय ही कामे ग्रामपंचायतीकडे नेता येतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरल्या कामांनाच वापरायचा होता, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याच्या पाण्याला. शाळेची टाकी आणि शौचालयदुरुस्ती त्यात सरळ बसत असे. अट एवढीच, काम गावाच्या विकास आराखड्यात आलेले हवे. आराखडा ग्रामसभेत ठरतो, तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी लेखी मागणी घेऊन तिथे बसायला हवे. नंतर सरपंचांच्या घरी जाऊन उपयोग नाही, आराखड्यात नसलेल्या कामाला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हात लावणार नाही. हे एक काम तिकडे गेले की शाळेचे आठ-दहा हजार अध्यापन साहित्याला मोकळे होतात.

वर्गखोलीची मोठी दुरुस्ती, भिंतीची भेग, स्लॅबची गळती हे संयुक्त अनुदानातून करूच नये. वीस-पंचवीस हजारांत होते ती मलमपट्टी, आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे पुन्हा खाली. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून अंदाजपत्रक करून जिल्हा नियोजनाच्या निधीत काम लावणे हाच रस्ता आहे, लांबचा असला तरी. खासगी अनुदानित शाळांना हे संयुक्त अनुदान मुळात नाहीच. त्यांचे वेतनेतर अनुदानाचे दुखणे निराळे आहे.

केंद्रीकरणाने सगळे सुटेल असे मानणाऱ्यांनी गणवेशाचा अनुभव बघावा. २०२४-२५ मध्ये कापड खरेदी आणि शिलाई वरून एकत्र करायचे ठरले, अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत, मापांच्या तक्रारी आल्या, आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. समितीला निवड करता येते ही या संयुक्त अनुदानाचीही जमेची बाजू आहे. काय घ्यायचे ते वरून येत नाही, म्हणूनच वेळेला एकच गुण देऊनही हे अनुदान बाद करावेसे वाटत नाही.

पालक म्हणून बघणाऱ्याने शाळेत जाऊन तीनच गोष्टी मागाव्यात: पीएफएमएसमधला या वर्षीच्या मर्यादेचा आणि खर्चाचा छापील उतारा, ठराववहीतले कामांच्या यादीचे पान, आणि जडवस्तू नोंदवही. तिन्ही जुळतात का ते अर्ध्या तासात कळते. खर्चाचा फलक शाळेच्या दर्शनी भागात लावलेला असेल तर तेवढेही लागत नाही, पण फलकावर आकडा चालू वर्षाचा आहे ना, हे बघून घ्यावे. रंग उडालेल्या फलकांवर अजून शाळा अनुदान ५,००० असेही लिहिलेले सापडते.

मुख्याध्यापकांसाठी शेवटचे वेळापत्रक. पीपीए २० मार्चच्या आत बँकेत. त्यानंतर संकेतस्थळ रांगते, शाखेत गठ्ठे साचतात आणि फसलेले देणे पुन्हा करायला दिवस उरत नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वर्षाचा उतारा छापून रोकडवहीशी पडताळायचा, फरक असेल तर त्याच पानावर कारण लिहून दोघांच्या सह्या, आणि विनियोग प्रमाणपत्राची पोच गटसाधन केंद्रातून तारखेसह घ्यायची. ती पोच शाळेच्या फाइलमध्ये ठेवायची, स्वतःच्या पिशवीत नाही. मे महिन्यात बदली होते आणि पिशवी बरोबर जाते.